पीएचपीत एरर कुठे गेला? लेव्हल, डिस्प्ले आणि लॉग लावण्याची रीत

पीएचपी शिकायला घेतलं की कोरं पांढरं पान लवकरच भेटतं. कोड लिहिला, ब्राउझर रिफ्रेश केला, आणि समोर काहीच नाही. नेटवर शोधलं तर 'फाइलच्या वर या तीन ओळी टाका' असं उत्तर मिळतं. त्या टाकल्यावर कधी एरर दिसतो, कधी नाही. नाही दिसला की माणूस आणखी कुठल्या तरी ओळी आणून चिकटवतो, आणि मग कोणती ओळ काय करते हे त्यालाही कळेनासं होतं.

गोंधळ होतो कारण दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले जातात. पीएचपीने कोणत्या प्रकारच्या चुकांची दखल घ्यायची, हा पहिला. त्याचं उत्तर एरर_रिपोर्टिंग ही सेटिंग देते. दखल घेतलेली चूक पाठवायची कुठे, स्क्रीनवर की फाइलमध्ये, हा दुसरा. तो डिस्प्ले_एरर्स आणि लॉग_एरर्स यांच्या हातात असतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: पहिल्या प्रश्नाचं उत्तर शक्य तिथे 'सगळ्या' हेच ठेवा, लॅपटॉपवरही आणि लाइव्ह सर्व्हरवरही. जागेनुसार बदलायचं ते दुसरं उत्तर.

वाचण्याआधी एक सूचना. इथे सगळी नावं देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायची. जिथे अंडरस्कोर दाखवला आहे तिथे तो हवाच, आणि ई_ऑल, ई_नोटीस अशी 'ई'ने सुरू होणारी नावं, तसंच पुढे येणारी डब्ल्यूपी_डीबग, ॲप_डीबग, जेसन_थ्रो_ऑन_एरर अशी नावं पूर्ण कॅपिटलमध्ये.

हाताशी काय हवं:
- पीएचपी चालणारं मशीन: झॅम्प, उबुंटू, डॉकर किंवा शेअर्ड होस्टिंगचं खातं
- साधा कोड एडिटर (व्हीएस कोड चालेल, नोटपॅडबद्दल शेवटी बोलू)
- सर्व्हरवरच्या फाइल्स बदलायचा मार्ग: एसएसएच, एफटीपी किंवा सीपॅनेलचा फाइल मॅनेजर
- मूळ पीएचपी.आयएनआय फाइलची (पीएचपीच्या सेटिंग जिथे असतात ती) एक कॉपी, कशालाही हात लावण्याआधी काढून ठेवलेली

## १. आधी खरी आयएनआय फाइल शोधा

पुष्कळांचा वेळ इथेच जातो. ते इमानदारीत फाइल बदलतात, पण पीएचपी ती फाइल वाचतच नसतं.

एक छोटी फाइल बनवा, तिच्यात फक्त पीएचपीइन्फो() हे फंक्शन बोलवा आणि ती ब्राउझरमध्ये उघडा. वरच्या तक्त्यात 'लोडेड कॉन्फिगरेशन फाइल' अशी ओळ असते. तिथे जो पत्ता दिसतो तीच तुमची फाइल. विंडोजवरच्या झॅम्पमध्ये ती बहुधा सी ड्राइव्हवर झॅम्पच्या पीएचपी फोल्डरात असते. पत्त्याऐवजी 'नन' दिसलं तर कोणतीच फाइल वाचली जात नाही. डॉकरच्या अधिकृत पीएचपी इमेजमध्ये असंच असतं: तिथे डेव्हलपमेंट आणि प्रॉडक्शन अशा दोन नमुना फाइल ठेवलेल्या असतात, त्यातली एक तुम्ही कॉपी करून पीएचपी.आयएनआय हे नाव द्यायचं.

उबुंटू आणि डेबियनवाल्यांनी जास्त जपून. तिथे ईटीसी फोल्डरात पीएचपीच्या प्रत्येक आवृत्तीखाली सीएलआय (टर्मिनलवर चालणारं पीएचपी), अपाचे२, एफपीएम (वेगळी सेवा म्हणून चालणारं पीएचपी) असे वेगळे फोल्डर असतात आणि प्रत्येकात स्वतःची पीएचपी.आयएनआय असते. टर्मिनलवर 'पीएचपी --आयएनआय' चालवलं की सीएलआयवाली फाइल दिसते. ती बदलून वेबसाइटवर काही फरक पडत नाही. वेबसाइटची फाइल शोधायची तर ब्राउझरमधूनच शोधा.

काम झालं की पीएचपीइन्फोची ती फाइल काढून टाका. तुमच्या सर्व्हरची अख्खी माहिती तिथे उघडी पडलेली असते.

## २. लेव्हल म्हणजे नक्की काय

प्रत्येक प्रकारच्या चुकीला पीएचपीने एक आकडा दिला आहे. नेहमी भेटणारे हे:

- ई_एरर, १: इथे स्क्रिप्ट थांबते
- ई_वॉर्निंग, २: गडबड आहे, पण स्क्रिप्ट पुढे चालते
- ई_पार्स, ४: कोड वाचताच आला नाही, कंस किंवा अर्धविराम राहिला
- ई_नोटीस, ८: बहुधा चूक असावी अशी शंका
- ई_डेप्रिकेटेड, ८१९२: आज चालतंय, पुढच्या आवृत्तीत बंद होईल

ई_यूझर_वॉर्निंग, ई_यूझर_नोटीस वगैरे तुम्ही ट्रिगर_एरर() वापरून स्वतः उठवता त्या चुकांसाठी असतात. बाकीच्यांची सध्या काळजी नको.

प्रत्येक आकडा दोनच्या पटीत चढतो, म्हणून कोणतेही आकडे एकत्र केले तरी बेरजेवरून नेमके कोणते निवडले होते ते ओळखता येतं. ई_ऑल म्हणजे सगळ्यांची बेरीज. पीएचपी ५.४ पासून ८.३ पर्यंत ती ३२७६७ होती. ८.४ मध्ये ई_स्ट्रिक्ट ही लेव्हलच काढून टाकली, तिचे २०४८ गेले, आणि ई_ऑल ३०७१९ झालं. म्हणून जिथे नाव लिहिता येतं तिथे नावच लिहा, आकडा पाठ करून टाकू नका.

एखादा प्रकार वगळायचा असेल तर असं लिहितात:

एरर_रिपोर्टिंग = ई_ऑल & ~ई_डेप्रिकेटेड

'सगळे घे, पण डेप्रिकेटेड नको' असा याचा अर्थ. इथे & च्या जागी | टाकलंत तर काहीच वगळलं जात नाही, आणि पीएचपी तुम्हाला तसं सांगतही नाही. वजाबाकीचं चिन्ह आयएनआय फाइलमध्ये चालत नाही.

आता आवृत्तीचा मुद्दा, कारण जुना कोड नव्या सर्व्हरवर हलवताना पुष्कळ जण इथे घाबरतात. पीएचपी ७ पर्यंत एरर_रिपोर्टिंगचं मूळ मूल्य नोटीस आणि डेप्रिकेटेड वगळून होतं. २०२० साली आलेल्या पीएचपी ८.० ने ते ई_ऑल केलं. त्याच वेळी काही चुकांची पायरीही वाढवली. न ठरवलेलं व्हेरिएबल वापरणं किंवा ॲरेमध्ये नसलेली की मागणं हे आधी नोटीस होतं, आता वॉर्निंग आहे. शून्याने भागलं की आधी वॉर्निंग यायची, आता सरळ एक्सेप्शन (न पकडल्यास स्क्रिप्ट थांबवणारी चूक) फेकलं जातं. म्हणजे ७.४ वर शांत चाललेला कोड ८ वर ओरडायला लागला, तर कोड त्या दिवशी बिघडलेला नसतो. तो आधीही तसाच होता, फक्त ऐकू येत नव्हतं.

अशा वेळी लेव्हल खाली ओढायचा मोह होतो. तसं करू नका. ॲरेमध्ये की नसण्याच्या पुष्कळशा वॉर्निंग पाठोपाठ दोन प्रश्नचिन्हांच्या ऑपरेटरने जातात: 'ही की असेल तर ती, नसेल तर हे' असं एका ओळीत लिहिता येतं. पीएचपी ७ पासून ही सोय आहे.

## ३. लॅपटॉपवर: सगळं स्क्रीनवर

पहिल्या पायरीत सापडलेली आयएनआय फाइल उघडा आणि या ओळी अशा करा:

एरर_रिपोर्टिंग = ई_ऑल
डिस्प्ले_एरर्स = ऑन
डिस्प्ले_स्टार्टअप_एरर्स = ऑन
लॉग_एरर्स = ऑन

शोध घेताना सावध राहा. या फाइलच्या सुरुवातीलाच 'क्विक रेफरन्स' नावाचा भाग असतो. त्यात डिस्प्ले_एरर्स, एरर_रिपोर्टिंग ही सगळी नावं दिसतात आणि शोधल्यावर कर्सर आधी तिथेच जातो. पण त्या ओळी अर्धविरामाने सुरू होतात, म्हणजे त्या नुसत्या टिपा आहेत. तिथे काहीही बदललंत तरी उपयोग शून्य. खाली उतरा; अर्धविराम नसलेली खरी ओळ बरीच पुढे आहे.

फाइल सेव्ह केली की अपाचे रीस्टार्ट करा. एफपीएम असेल तर एफपीएमची सेवा रीस्टार्ट करा, नुसता एनजिनएक्स हा वेब सर्व्हर रीस्टार्ट करून भागत नाही.

मग पीएचपीइन्फो पुन्हा उघडून डिस्प्ले_एरर्ससमोर पाहा. तिथे दोन रकाने असतात, लोकल व्हॅल्यू आणि मास्टर व्हॅल्यू. मास्टर म्हणजे मुख्य कॉन्फिगरेशनमधून आलेलं मूल्य, लोकल म्हणजे या फोल्डरात किंवा या स्क्रिप्टमध्ये प्रत्यक्षात लागू असलेलं. दोन्ही वेगळे दिसले तर मधे कुणीतरी, म्हणजे एचटीअ‍ॅक्सेस, यूझर.आयएनआय (या दोन्ही फोल्डरापुरत्या सेटिंगच्या फाइल) किंवा कोडच, ते बदलतंय.

चाचणी म्हणून एका फाइलमध्ये कुठेही न ठरवलेलं व्हेरिएबल एको करा. पीएचपी ८ वर 'अनडिफाइन्ड व्हेरिएबल' अशी वॉर्निंग ओळ क्रमांकासह दिसली की झालं.

## ४. त्या प्रसिद्ध तीन ओळी

आयएनआय_सेट('डिस्प्ले_एरर्स', '१');
आयएनआय_सेट('डिस्प्ले_स्टार्टअप_एरर्स', '१');
एरर_रिपोर्टिंग(ई_ऑल);

आयएनआय फाइलपर्यंत हात पोचत नसेल तेव्हा यांचा उपयोग होतो. मधली ओळ मात्र इथे शोभेची आहे. स्टार्टअप एरर पीएचपी सुरू होताना येतात, आणि ही ओळ चालेपर्यंत पीएचपी सुरू होऊन गेलेलं असतं.

मोठी अडचण वेगळीच आहे. पीएचपी आधी पूर्ण फाइल वाचून कंपाइल करतं आणि मगच पहिली ओळ चालवतं. त्याच फाइलमध्ये खाली कुठे कंस सुटला असेल तर कंपाइलच होत नाही, मग वरच्या तीन ओळी चालणार कधी? पान पांढरंच राहतं. 'ओळी टाकल्या तरी काही दिसत नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

यावर दोन उपाय आहेत. टर्मिनल असेल तर 'पीएचपी -एल' आणि पुढे फाइलचं नाव द्या. कोड न चालवता व्याकरण तपासून चुकीची ओळ सांगितली जाते. टर्मिनल नसेल तर चाचणी.पीएचपी अशी वेगळी फाइल करा, तिच्यात या ओळी ठेवा आणि खाली तुमची खरी फाइल इन्क्लूड करा. आता ओळी आधी चालतात, खरी फाइल नंतर वाचली जाते आणि पार्स एरर समोर येतो.

## ५. शेअर्ड होस्टिंग

इथे मुख्य आयएनआय फाइल तुमच्या हातात नसते. आधी पीएचपीइन्फोमध्ये 'सर्व्हर एपीआय' ही ओळ पाहा, कारण पुढचा रस्ता तिच्यावर ठरतो.

तिथे 'अपाचे हँडलर' असेल तर एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये असं लिहिता येतं:

पीएचपी_फ्लॅग डिस्प्ले_एरर्स ऑफ
पीएचपी_व्हॅल्यू एरर_रिपोर्टिंग ३२७६७

अपाचेला पीएचपीची नावं कळत नाहीत, त्यामुळे ई_ऑल लिहून चालत नाही, आकडाच द्यावा लागतो. ८.४ वर ३२७६७ मधला एक बिट जास्तीचा आहे, पण त्याने काही बिघडत नाही.

'एफपीएम/फास्टसीजीआय' किंवा 'सीजीआय' असेल तर वरच्या ओळी टाकू नका. अपाचेला पीएचपी_व्हॅल्यू ही आज्ञाच ओळखू येत नाही आणि अख्खी साइट ५०० एरर देते. जुन्या ब्लॉगवरून कॉपी केलेली एचटीअ‍ॅक्सेस नव्या होस्टिंगवर टाकली आणि साइट बसली, तर आधी याच ओळी तपासा. इथे साइटच्या मूळ फोल्डरात .यूझर.आयएनआय नावाची फाइल करायची आणि पीएचपी.आयएनआयसारखंच लिहायचं, ई_ऑल हे नाव चालतं. बदल लगेच दिसला नाही तर थांबा. ही फाइल पीएचपी साठवून ठेवतं आणि मूळ सेटिंगनुसार ३०० सेकंदांनी पुन्हा वाचतं. पाच मिनिटं धीर न धरल्याने बरोबर केलेलं काम लोक पुसून टाकतात.

सीपॅनेलवर 'मल्टीपीएचपी आयएनआय एडिटर' दिसत असेल तर हेच काम बटणांनी होतं.

## ६. लाइव्ह सर्व्हर: स्क्रीन बंद, लॉग चालू

एरर_रिपोर्टिंग = ई_ऑल
डिस्प्ले_एरर्स = ऑफ
लॉग_एरर्स = ऑन
एरर_लॉग = लॉग फाइलचा पूर्ण पत्ता

डिस्प्ले बंद का? एरर संदेशात फाइलचा पूर्ण पत्ता असतो, त्यातून होस्टिंगचं यूझरनेम कळतं. न पकडलेल्या एक्सेप्शनच्या ट्रेसमध्ये फंक्शनला दिलेली मूल्यं छापली जाऊ शकतात, आणि डेटाबेस जोडणाऱ्या फंक्शनला काय देतात ते तुम्हाला माहीत आहे. ७.४ पासून झेंड.एक्सेप्शन_इग्नोर_आर्ग्स ही सेटिंग आहे. लाइव्हवर ती ऑन ठेवा.

शिवाय स्क्रीनवर पडलेली वॉर्निंग पान मोडते. रीडायरेक्टच्या आधी एक अक्षर जरी छापलं गेलं तरी 'हेडर्स ऑलरेडी सेंट' येतं. जेसन (प्रोग्रामने वाचायचा डेटा) पाठवणाऱ्या पानात वॉर्निंगचं एचटीएमएल आधी गेलं की ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट पहिल्याच कोनी कंसाला अडते, आणि तुम्ही पीएचपी सोडून जावास्क्रिप्टमध्ये चूक शोधत बसता.

लॉग फाइलबद्दल थोडं सविस्तर, कारण 'लॉग ऑन केलं पण फाइलच तयार होत नाही' हे फार होतं. एरर_लॉगमध्ये दिलेलं फोल्डर पीएचपी स्वतः बनवत नाही. ते आधीच असायला हवं. त्या फोल्डरात वेब सर्व्हरच्या यूझरला लिहिण्याची परवानगी हवी. उबुंटूवर हा यूझर बहुधा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा असतो. परवानगी नसेल तर संदेश सर्व्हरच्या स्वतःच्या लॉगमध्ये जातात, म्हणून अपाचेचा एरर लॉगही उघडून पाहा. आणि फाइल पब्लिक_एचटीएमएल या वेबवरून उघड्या फोल्डरच्या बाहेर ठेवा. आत ठेवलीत तर पत्ता ओळखणारा कुणीही ती ब्राउझरमध्ये वाचू शकतो. मग डिस्प्ले बंद करून मिळवलं काय?

तपासायला कोडमध्ये एरर_लॉग('चाचणी') असं फंक्शन बोलवा. नाव सेटिंगचंच आहे, पण हे फंक्शन दिलेला मजकूर थेट लॉगमध्ये लिहितं. एसएसएच असेल तर 'टेल -एफ' आणि पुढे लॉग फाइलचा पत्ता लावून बसा, ओळी येताना दिसतात.

ई_ऑल ठेवण्याला एक सवलत मी देतो. जुन्या लायब्ररीमुळे डेप्रिकेटेडच्या ओळींनी लॉग भरून वाहत असेल आणि ती लायब्ररी आज बदलता येणार नसेल, तर लाइव्हवर डेप्रिकेटेड वगळा. पीएचपीबरोबर येणाऱ्या प्रॉडक्शन नमुना फाइलमध्येही ते वगळलेलंच असतं. लॅपटॉपवर मात्र चालू राहू द्या, नाहीतर पुढच्या अपग्रेडच्या दिवशी सगळं एकदम अंगावर येईल.

## ७. वर्डप्रेस आणि लॅराव्हेल

वर्डप्रेस स्वतःच लेव्हल ठरवतं, त्यामुळे आयएनआय फाइलमध्ये लिहिलेलं त्यापुढे टिकत नाही. डब्ल्यूपी_डीबग बंद असेल तर ते एरर_रिपोर्टिंग ४९८३ वर आणतं, म्हणजे नोटीस आणि डेप्रिकेटेड बाहेर. डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये 'स्टॉप एडिटिंग' लिहिलेल्या ओळीच्या वर हे टाका:

डिफाइन('डब्ल्यूपी_डीबग', ट्रू);
डिफाइन('डब्ल्यूपी_डीबग_लॉग', ट्रू);
डिफाइन('डब्ल्यूपी_डीबग_डिस्प्ले', फॉल्स);

ट्रू आणि फॉल्स यांना अवतरणचिन्हं लावू नका. अवतरणातला 'फॉल्स' हा पीएचपीच्या दृष्टीने मजकूर आहे, आणि रिकामा नसलेला मजकूर खरा धरला जातो. म्हणजे डीबग बंद करायला गेलात आणि चालू झालं.

लॉग डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरात डीबग.लॉग नावाने बनतो, आणि ती जागा वेबवरून उघडी असते. वर्डप्रेस ५.१ पासून डब्ल्यूपी_डीबग_लॉगमध्ये ट्रूऐवजी दुसरा पत्ता देता येतो. तो पब्लिक_एचटीएमएलबाहेरचा द्या. एजॅक्स आणि रेस्ट (पान न बदलता मागून जाणाऱ्या) विनंत्यांमध्ये वर्डप्रेस डिस्प्ले आपणहून बंद करतं, तिथे लॉगच पाहावा लागतो.

लॅराव्हेल हे फ्रेमवर्क लेव्हल पूर्ण उघडी ठेवून एरर स्वतः पकडतं. तुम्ही .ईएनव्ही या सेटिंगच्या फाइलमधला ॲप_डीबग बघायचा, लाइव्हवर तो फॉल्स हवा. बदलून फरक पडला नाही तर कॉन्फिगचा कॅश साफ करा.

## ८. सगळं लावूनही न दिसणाऱ्या चुका

पहिला संशयित @ हे चिन्ह. फंक्शनच्या आधी ते लावलं की त्याची वॉर्निंग गिळली जाते. पीएचपी ८ पासून स्क्रिप्ट थांबवणारे एरर त्याने लपत नाहीत, पण बाकीचे लपतातच. दुसऱ्याच्या कोडवर काम करताना आधी @ शोधून काढा.

दुसरा संशयित मराठी मजकूर हाताळणाऱ्यांच्या वाट्याला हमखास येतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि सबस्ट्र() बाइट मोजून कापतं. बातमीची पहिली १०० बाइट कापली की शेवटचं चिन्ह बऱ्याचदा अर्धवट तुटतं, कारण काप चिन्हाच्या मधोमध पडू शकतो. तो मजकूर जेसन_एन्कोड() ला दिला की ते फॉल्स परत करतं. वॉर्निंग नाही, लॉगमध्ये ओळ नाही, पान रिकामं. इंग्रजी मजकुरावर चाचणी केलेला कोड मराठीवर असा गप्प पडतो. उपाय: कापायला एमबी_सबस्ट्र() वापरा, आणि जेसन_एन्कोडला जेसन_थ्रो_ऑन_एरर हा पर्याय द्या. तो ७.३ पासून आहे आणि अशा वेळी एक्सेप्शन फेकतो. एचटीएमएलस्पेशलकॅर्स() हेही ८.१ च्या आधी तुटक्या मजकुरावर रिकामी स्ट्रिंग द्यायचं, ८.१ पासून तुटक्या जागी बदली चिन्ह दिसतं.

राहिला नोटपॅड. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांवर मराठी मजकूर असलेली पीएचपी फाइल नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केली की फाइलच्या सुरुवातीला बीओएम नावाचे तीन अदृश्य बाइट बसतात. ते पीएचपीच्या उघडत्या टॅगच्याही आधी छापले जातात आणि 'हेडर्स ऑलरेडी सेंट' येतं. संदेश पहिल्या ओळीकडे बोट दाखवतो आणि पहिल्या ओळीत तर काहीच चुकीचं दिसत नाही. व्हीएस कोडमध्ये खालच्या पट्टीवर 'यूटीएफ-८ विथ बीओएम' असं लिहिलेलं दिसलं तर त्यावर क्लिक करा, 'सेव्ह विथ एन्कोडिंग' निवडा आणि साधं यूटीएफ-८ घ्या.